टेंभी नाका : दाटीतली जागा

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला उतरून जांभळी नाक्याची बाजारपेठ ओलांडली, की मासुंदा तलावाच्या काठी क्षणभर मोकळे वाटते. तलावाला वळसा घालून पुढे गेले की टेंभी नाका येतो आणि तो मोकळेपणा संपतो. ‘नाका’ म्हणजे मुळात येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून चौकशी करण्याची, जकात घेण्याची जागा. आज येथे कोणी कोणाला अडवत नाही, तरीही प्रत्येकाला थांबावे लागते.

या लहानशा परिसरात किती काय सामावले आहे, याची मोजदाद केली तर नवल वाटते. बेने इस्रायली समाजाचे १८७९ साली उभारलेले ‘शार हाशामायिम’ हे प्रार्थनामंदिर येथे आहे. पारशांची अग्यारी आहे. विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय, म्हणजे ठाणेकरांचे ‘सिव्हिल’, याच भागातले. पलीकडे कोर्ट नाका, त्यापुढे जुन्या किल्ल्यातला कारागृह. आनंद दिघे यांचे ‘आनंद आश्रम’ येथेच आहे, आणि ‘कोकण शत्रुंजय’ या नावाने ओळखले जाणारे श्री मुनिसुव्रतस्वामींचे जिनमंदिरही येथेच. यांपैकी कोणालाही आपले अंगण हातभर वाढवायचे झाले, तर शेजाऱ्याच्या भिंतीशी गाठ पडते.

अशा ठिकाणी आश्विन शुद्ध प्रतिपदेला दरवर्षी एक नगरी उभी राहते. दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेल्या नवरात्रोत्सवाची ही नगरी. कळव्याहून देवीची मूर्ती मिरवणुकीने नाक्यावर येते. त्याआधी कित्येक दिवस बांबू, लाकूड, कापड आणि रंग यांची कामे चाललेली असतात. प्रसिद्ध मंदिरांच्या प्रतिकृती उभारण्याची येथील प्रथा जुनी आहे. उंच शिखर, कोरीव भासणारे खांब, कमानी, झुंबरे, सारे इतके हुबेहूब की पाहणारा हात लावून पाहतो आणि दगडाऐवजी कापडाचा स्पर्श झाला की हसतो. सभोवती खाद्यपदार्थांची, खेळण्यांची, बांगड्यांची दुकाने लागतात. नऊ रात्री हा चौक चौक राहत नाही. मनोरंजन-नगरीला जे जे लागते ते सर्व येथे असते. नसते ते फक्त कुंपण आणि तिकीट.

गर्दीचे मूळ या दोन उणिवांतच आहे. नगरपालिका स्थापन झाली तेव्हाचे, म्हणजे १८६३ चे ठाणे आणि १९८२ साली महानगरपालिका झाली तेव्हाचे ठाणे यांत मोठे अंतर होते. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजारांवर गेली. घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या वसाहतींतले कुटुंब नवरात्रात ‘गावात’ येते, ते याच नाक्यावर. ठाणे चहूकडे पसरले, चौक मात्र होता तेवढाच राहिला.

गर्दीने भरलेल्या रंजनस्थळाला जागा कोठून आणावी, हा प्रश्न ठाण्यापुरता नाही. वॉल्ट डिस्ने यांनी १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात ॲनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले, ते संत्र्यांच्या बागा तोडून घेतलेल्या सुमारे १६० एकरांवर. पाहता पाहता भोवतालच्या जमिनीवर इतरांची मोटेल आणि दुकाने उभी राहिली, आणि डिस्ने स्वतःच्याच यशाने वेढले गेले. पुढच्या वेळी ही चूक करायची नाही, असे ठरवून त्यांनी फ्लोरिडात निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली. खरा मालक कोण हे आधी कळले असते तर भाव आकाशाला भिडले असते. कॅलिफोर्नियातल्या जुन्या नगरीला मात्र पुढे वाढायचे झाले तेव्हा स्वतःचे वाहनतळच मोडावे लागले. २००१ साली उघडलेले तिथले दुसरे उद्यान पूर्वी जेथे मोटारी उभ्या राहत, तेथेच उभे आहे.

ठाण्यातही याची एक घरगुती आवृत्ती पाहायला मिळते. मानपाडा भागातल्या ‘टिकुजीनी वाडी’त कित्येक पिढ्यांच्या शाळेच्या सहली गेल्या. तिच्या पाठीशी येऊरचे डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे, समोर वाढते शहर. जंगलाकडे सरकता येत नाही आणि सरकूही नये. आता बोरिवलीहून डोंगराच्या पोटातून येणाऱ्या सुमारे ११.८ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्याचे ठाण्याकडचे तोंडही याच परिसरात आहे. तरीही वाडीला स्वतःची हद्द आहे. आत किती माणसे घ्यायची हे तिच्या दारावर ठरवता येते.

टेंभी नाक्याच्या नगरीला असे दार नाही. ती वाढते ती रस्त्यावर, आणि रस्ता सर्वांचा असतो. नवरात्रात दरवर्षी वाहतुकीत बदल जाहीर होतात. बस दुसऱ्या मार्गाने जातात, रिक्षा लांबचा वळसा घेतात, चारचाकीने येणाऱ्याने गाडी कुठेतरी दूर ठेवावी अशी अपेक्षा असते. सणापुरते हे सोसणे ठाणेकर आपले कर्तव्य समजतो, आणि त्यात कौतुकही असते. पण ज्याला सणाला यायचे नाही, नुसते पलीकडे जायचे आहे, त्याचा विचारही व्हायला हवा. सिव्हिलचा कारभार २०२३ साली नव्या इमारतीच्या कामासाठी दुसरीकडे हलवण्यात आला. जुन्या जागी नियोजन आहे ते ९०० खाटांच्या रुग्णालयाचे. एवढे मोठे रुग्णालय पूर्ण क्षमतेने चालू झाल्यावर रुग्णवाहिकेचा रस्ता नवरात्रातही रुग्णवाहिकेचाच राहिला पाहिजे. त्याची आखणी मंडपाचा पहिला बांबू रोवण्याआधी कागदावर व्हावी.

जागा वाढवता येत नाही तेव्हा माणूस वेळ वाढवू पाहतो. रात्र लांबवायची, म्हणजे गर्दी आपोआप विभागली जाते. पण वेळेलाही हद्द आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम आहे, आणि वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरतीच राज्य सरकारला बारापर्यंत सवलत देता येते. उत्सवातील आवाजाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये जो सविस्तर निकाल दिला, त्यामागची एक याचिका ठाण्याच्याच एका डॉक्टरांची होती, हे ठाणेकरांनी विसरू नये.

या साऱ्या गजबजाटात कोकण शत्रुंजयाच्या पायऱ्या चढणाऱ्याला आत एक वेगळेच गणित दिसते. ठाण्याचे नाव जैन कथांत आले आहे ते श्रीपाल राजामुळे. उपाध्याय विनयविजयजींनी आरंभलेला आणि उपाध्याय यशोविजयजींनी पूर्ण केलेला ‘श्रीपाल रास’ ओळीच्या दिवसांत घरोघरी वाचला जातो. त्यातली कथा अनेकांना मुखोद्गत असेल. श्रीपालाच्या वैभवाने जळणाऱ्या धवल शेठने त्याला कपटाने भर समुद्रात लोटले. नवपदाचे स्मरण करीत पडलेल्या श्रीपालाला एका महामत्स्याने पाठीवर घेऊन कोकणच्या किनाऱ्याशी, ठाणानगरीजवळ आणून सोडले. थकलेला श्रीपाल एका चंपकवृक्षाखाली झोपी गेला. दिवस कलला, साऱ्या झाडांच्या सावल्या सरकल्या, पण त्या झाडाची सावली त्याच्या अंगावरून हलली नाही. ज्योतिष्याने सांगितलेली खूण पटून राजा वसुपालाच्या माणसांनी त्याला सन्मानाने नगरात नेले, राजकन्या मदनमंजरीशी त्याचा विवाह झाला. राजा अधिकारपद देऊ करीत असता श्रीपालाने दरबारात येणाऱ्या मान्यवरांना विडा देण्याचे साधे काम पत्करले. ज्याला सारे राज्य मिळू शकत होते, त्याने सभेतली उभे राहण्यापुरती जागा मागून घेतली.

परंपरेनुसार हा काळ विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतस्वामींच्या शासनाचा. म्हणूनच या मंदिराचे मूलनायक मुनिसुव्रतस्वामी आहेत, आणि श्रीपाल-मयणासुंदरीच्या चरित्रातले प्रसंगही येथे दर्शनाला येणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ठेवलेले आहेत. आणि नावात शत्रुंजय! पालिताण्याचा तो गिरिराज सुमारे साडेतीन हजार पायऱ्यांचा, शेकडो मंदिरांचा. तो टेंभी नाक्याच्या दाटीत कसा मावावा? पण जैन परंपरेने हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला आहे. चातुर्मासात गिरिराजाची यात्रा बंद असते आणि कार्तिकी पौर्णिमेला ती पुन्हा सुरू होते. त्या दिवशी ज्यांना पालिताण्याला जाणे जमत नाही, ते गावोगावी शत्रुंजयाच्या चित्रपटासमोर जमतात. कापडावर रंगवलेल्या त्या पर्वताला वंदन करतात, चैत्यवंदन करतात, मनाने एकेक टूक चढतात. यालाच भावयात्रा म्हणतात. कापड काही हातांचे, डोंगर पुरा. यात्रा आटोपली की पट गुंडाळून ठेवता येतो, आणि ज्या जागेवर तो लावला होता ती ज्याची त्याला परत मिळते.

नाक्यावरच्या मंडपाची आणि या पटाची तुलना करण्याचा मोह होतो. दोन्हीही कापडाचे, दोन्हीही दूरचे तीर्थ जवळ आणणारे. फरक एवढाच की मंडप पाहणाऱ्याला पुढे सरकावे लागते, मागून रेटा येत असतो. पटासमोर मात्र डोळे मिटून बसता येते.

आश्विनात एक योग असा येतो की या दोन्ही गोष्टी समोरासमोर उभ्या राहतात. नवरात्र प्रतिपदा ते नवमी. आयंबिलाची शाश्वती ओळी सप्तमी ते पौर्णिमा. म्हणजे सप्तमी, अष्टमी आणि नवमी हे तीन दिवस दोन्हींचे. उत्सवाची गर्दी नेमकी याच दिवसांत टिपेला पोहोचते, आणि श्रीपालाच्या नगरीत नवपदाची आराधना याच दिवसांत सुरू होते. बाहेर वडापाव, पाणीपुरी, तळणाचा वास. आत दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले, या सहा विगयी टाळून दिवसातून एकदाच घेतलेला रुक्ष आहार आणि उकळलेले पाणी. दोन्हींना तोच रस्ता लागतो.

तरीही तक्रारीचे प्रसंग मोजकेच येतात, याचे कारण कोणाच्या उदारतेपेक्षा सूर्याच्या घड्याळात अधिक आहे. आयंबिल करणारा सूर्यास्ताच्या आत मुखशुद्धी करून मोकळा होतो. त्याचा दिवस पहाटे सुरू होतो, जेव्हा मंडपाचे दिवे विझलेले असतात आणि झाडूवाले रात्रीचा कचरा गोळा करीत असतात. उत्सवाची माणसे दिवे लागल्यावर घराबाहेर पडतात. एकच चौक दिवसा एकाचा, रात्री दुसऱ्याचा. अडचण होते ती संधिकाली, जेव्हा आरती आणि प्रतिक्रमणासाठी निघालेली वडीलधारी माणसे येणाऱ्या लोंढ्याच्या उलट दिशेने चालत असतात. पांढऱ्या वस्त्रांतली, हातात कटासणे आणि चरवळा घेतलेली एखादी आजी कमानीपाशी थबकते. स्वयंसेवक दोरी वर करतो, दोन-चार पोरे बाजूला होतात, आणि हातभर वाट होते.

दसऱ्यानंतर मंडप उतरू लागतो. शिखर आधी खाली येते, मग खांब, मग कापडाच्या गुंडाळ्या, मग दोरांतून सुटलेले बांबू. रिक्षा हळूहळू आपल्या जागी परततात, बस पूर्ववत जाऊ लागतात. ओळीचे मात्र अजून पाच दिवस उरलेले असतात. पौर्णिमेच्या रात्री गच्च्यांवर आटीव दूध चंद्राला दाखवले जाते तेव्हाही तपस्व्याचे पारणे व्हायचे असते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर नाक्यावर एवढी मोकळीक झालेली असते, की पारण्याला निघालेल्या माणसाला रस्ता ओलांडताना फक्त रिक्षाच पाहाव्या लागतात.