पीपीओवरची तारीख

माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. २०१२ मध्ये साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि २०१४ मध्ये हृदयविकारानं गेले. त्यांच्यामागे आईला फॅमिली पेन्शन सुरू झाली. दर महिन्याच्या शेवटी ती बँकेत जमा व्हायची आणि दर नोव्हेंबरात आई त्याच शाखेत जाऊन हयातीचा दाखला द्यायची. नऊ वर्षं हे बिनबोभाट चाललं.

जुलै २०२३ च्या शेवटी तिच्या खात्यात साडेसव्वीस हजारांऐवजी साडेदहा हजार जमा झाले. आधी पत्र नाही, फोन नाही, साधा मेसेजसुद्धा नाही. खात्यात आधीचे बासष्ट हजार दिसत होते, पण ते काढता येईनात. बँकेनं त्यांच्यावर होल्ड लावला होता. आई शाखेत गेली तेव्हा काउंटरवरच्या मुलानं स्क्रीनकडे बघत, मागची रांग ऐकेल अशा आवाजात सांगितलं, "काकू, तुम्हाला जास्तीची पेन्शन गेलीय. चार लाख ब्याण्णव हजार. आता वसूल होणार." आईनं एवढंच विचारलं, "मी कुठं मागितली होती रे भाऊ?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तो म्हणाला, "सगळं वरून झालंय, सीपीपीसीतून." म्हणजे बँकेच्या केंद्रीय पेन्शन प्रक्रिया केंद्रातून.

तिनं मला रात्री फोन केला. मी नाशिकला शाळेत शिकवते. तिचा आवाज इतका खाली गेलेला मी बाबा गेले तेव्हाही ऐकला नव्हता. पैसे गेले याचं दुःख होतंच, पण रांगेतल्या दोन बायका ओळखीच्या निघाल्या होत्या आणि "सरकारचे जास्तीचे पैसे खाल्ले" ही गोष्ट संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत पोचली होती, ते तिला जास्त लागलं होतं. पस्तीस वर्षं रेल्वे क्वार्टरमध्ये कुणाचे पाच रुपये न बुडवता राहिलेली बाई ती. बँकेच्या एका एंट्रीनं तिला आरोपी करून टाकलं.

भानगड काय होती ते आधी सांगते, कारण असंख्य घरांत हेच होऊ शकतं. केंद्र सरकारच्या आणि रेल्वेच्या नियमांप्रमाणे निवृत्तीनंतर कर्मचारी वारला, तर त्याच्या पत्नीला सुरुवातीला वाढीव दरानं, म्हणजे साधारण शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते. हा वाढीव दर मृत्यूनंतर सात वर्षं, किंवा तो माणूस हयात असता तर सदुसष्ट वर्षांचा झाला असता त्या दिवसापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो. त्यानंतर पेन्शन पगाराच्या तीस टक्क्यांवर येते. बाबांचा जन्म ऑगस्ट १९५२ चा. म्हणजे आईची पेन्शन ऑगस्ट २०१९ मध्ये कमी व्हायला हवी होती. मूळ रकमेत बोलायचं तर १८,६३० वरून ११,१८० वर, आणि त्यावर महागाई भत्ता. बँकेनं ती कमी केलीच नाही. जवळजवळ चार वर्षं जुन्याच दरानं पैसे जमा होत राहिले. मग २०२३ मध्ये कुठल्याशा तपासणीत ते लक्षात आलं आणि बँकेनं एका फटक्यात दर खाली आणला, उरलेल्या पेन्शनचा तिसरा हिस्सा कापायला घेतला आणि शिवाय खातं अडवलं.

भुसावळच्या पेन्शनर संघटनेत एक निवृत्त हेडक्लार्क काका बसतात. आईला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी दुसरं काही न विचारता पीपीओ मागितला. पेन्शन पेमेंट ऑर्डरचा तो घड्या पडून मऊ झालेला कागद आईनं बाबांच्या सर्व्हिसच्या कागदांबरोबर पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता. काकांनी एका ओळीवर बोट ठेवलं. वाढीव दर कुठल्या तारखेपर्यंत द्यायचा, ती तारीख तिथं छापलेली होती. "हाच कागद बँकेकडेही आहे," काका म्हणाले. "दोन प्रती निघतात. एक पेन्शनरला, एक पैसे देणाऱ्याला. वाचायचं काम पैसे देणाऱ्याचं."

माझा पुढचा सगळा झगडा त्या वाक्यावर उभा राहिला. आईनं खोटा दाखला दिला नव्हता, वय लपवलं नव्हतं, दुसरं लग्न दडवलं नव्हतं. तारीख बँकेच्या फाइलमध्ये होती आणि माणूस दरवर्षी बँकेच्या दारात उभा होता. चार नोव्हेंबर महिन्यांत चार वेळा तिचा अंगठा मशीनवर घेतला गेला, आणि त्यातल्या एकाही वेळी कुणी तो कागद उघडला नाही.

हे निस्तरत होतो तोवर दुसरं संकट आलं. २०२१ च्या पावसात घराचा स्लॅब गळायला लागला, तेव्हा आईनं एका फायनान्स कंपनीकडून दुरुस्तीसाठी कर्ज घेतलं होतं. महिन्याला ६,२०० रुपयांचा हप्ता, पाच तारखेला खात्यातून आपोआप जाणारा. साडेसव्वीस हजारांत तो सहज बसत होता. ऑगस्टच्या पाच तारखेला खातं अडवलेलं असल्यानं हप्ता बाउन्स झाला. बाउन्सचा दंड बँकेनं लावला आणि कंपनीनंही लावला. म्हणजे पैसे असताना, बँकेनंच ते अडवल्यामुळे, माझी आई थकबाकीदार ठरली.

मग फोन सुरू झाले. पहिला माणूस बरा बोलला. नंतरचे सकाळी सातच्या आत आणि रात्री नऊनंतर फोन करायला लागले. "मावशी, घरात किती जण कमावतात? मुलगी शिक्षिका आहे ना? मग भरायला काय होतंय?" माझ्या नोकरीबद्दल त्याला कुणी सांगितलं, ते अजून कळलेलं नाही. एक दिवस दोघं मोटरसायकलवरून घरी आले आणि आई मंदिरात गेली होती म्हणून शेजारच्या वहिनींना थकबाकीचा आकडा सांगून गेले. त्या दिवसापासून आईनं संध्याकाळी ओट्यावर बसणं सोडलं. फोन वाजला की ती आधी माझ्याकडे बघायची. मी तिथं नसले की तो वाजू द्यायची. माझेसुद्धा फोन ती घेईना, तेव्हा मी शाळेत रजा टाकून भुसावळ गाठलं.

वसुलीवाल्यांपुढे हतबल व्हायचं कारण नसतं, हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि ते ठासून सांगायला हवं. रिझर्व्ह बँकेनं १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं आहे की थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, घरच्यांच्या आणि ओळखीच्यांच्या खासगीपणात घुसणं, यातलं काहीही चालत नाही. घरी येणाऱ्याकडे ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र असावं लागतं. एजंट बाहेरचा असला तरी जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेची.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा दार मी उघडलं. बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि दोघांकडे अधिकारपत्र मागितलं. एकाकडे होतं, दुसऱ्याकडे नव्हतं. ज्याच्याकडे होतं त्याचा फोटो काढला. फोनची यादी, वेळांसकट, छापून ठेवली होती ती त्यांच्यापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी तीच यादी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलनं पाठवली. त्याचा पत्ता कंपनीला जाहीर करावाच लागतो. सोबत बँकेनं खातं अडवल्याचा पुरावा जोडला आणि हप्ता भरायची तयारी लिहून कळवली. आठवड्याभरात अवेळी येणारे फोन थांबले. थकलेले हप्ते मी भरले, कंपनीनं तिच्या बाजूचा दंड माफ केला आणि हप्त्याची तारीख पुढे सरकवली. जे दोघं दारात यायचे त्यांच्यावर माझा राग नाही. त्यातला एक बोदवडचा पोरगा होता, कमिशनवर काम करणारा. राग आहे तो त्याला आकडा देऊन पाठवणाऱ्या आणि कायदा न सांगणाऱ्या व्यवस्थेवर.

बँकेचं प्रकरण मात्र इतक्या लवकर हलणारं नव्हतं. शाखेत गेलं की "सीपीपीसीला लिहा", सीपीपीसीला लिहिलं की "शाखेशी संपर्क साधा". आईकडून कर्मचारी एका छापील कागदावर सही मागत होते, "मी अतिप्रदानाची रक्कम मान्य करते" असा. काकांनी आधीच बजावलं होतं, की हिशेब हातात आल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. मी लेखी मागणी केली, की महिनावार तक्ता द्या. कुठल्या महिन्यात किती देय, किती दिले, महागाई भत्त्याचा दर कोणता, सगळं.

तक्ता आला आणि मी तो दोन रात्री बसून तपासला. कुणीतरी हातानं बनवलेला होता. सगळ्या महिन्यांना महागाई भत्ता एकाच दरानं, ४२ टक्क्यांनी लावलेला. हा दर जानेवारी २०२३ पासूनचा. २०१९ च्या उत्तरार्धात भत्ता १७ टक्के होता, आणि करोनाच्या काळात, जानेवारी २०२० ते जून २०२१ अशी दीड वर्षं, सरकारनं वाढ गोठवून तो १७ वरच ठेवला होता. म्हणजे जो वाढीव भत्ता सरकारनं त्या काळात कुणालाच दिला नाही, तो आईला दिला असं धरून तिच्याकडून वसूल होणार होता. खऱ्या दरांनी बेरीज केली तर आकडा ४,४०,००० च्या आसपास येत होता. बावन्न हजारांचा फरक. आम्ही तक्ता मागितला नसता तर हे बावन्न हजारही तिनं फेडले असते.

तीस दिवसांत बँकेकडून समाधानकारक उत्तर आलं नाही, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली. २०२१ पासून ही एकात्मिक योजना आहे, तक्रार ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. तिथून चक्रं फिरली. होल्ड उठला, दंड परत आला, आकडा दुरुस्त झाला आणि कपात तिसऱ्या हिश्शावरून महिन्याला २,००० रुपयांवर आली. मुळात वसुली करावी की नाही, या प्रश्नासाठी मात्र आम्हाला न्यायालयाकडे बोट दाखवण्यात आलं.

आणि तो प्रश्न खरा आहे. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये, पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात, चुकून जास्त दिलेली रक्कम कुणाकडून वसूल करू नये ते सांगितलं. वर्ग तीन आणि चारचे कर्मचारी आणि निवृत्त माणसं त्यात येतात. २०२२ मध्ये केरळच्या एका निवृत्त शिक्षकाच्या प्रकरणात न्यायालयानं पुन्हा तेच धरलं, की कर्मचाऱ्यानं फसवलेलं नसेल आणि चूक पैसे देणाऱ्याची असेल तर वसुली अन्यायाची ठरते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२० मध्ये एका आयुध कारखान्याच्या निवृत्त कर्मचाऱ्याच्या पेन्शनमधून बँकेनं परस्पर केलेली कपात रद्द केली होती. वसुलीबाबतची आपली जुनी परिपत्रकं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतली. दुसरी बाजूही आहे. पेन्शन खातं उघडताना "जास्त रक्कम आल्यास परत करीन" असं हमीपत्र घेतात, आणि २०१६ च्या जगदेव सिंग निकालात असं हमीपत्र बंधनकारक मानलं गेलं. पण ते प्रकरण एका न्यायिक अधिकाऱ्याचं होतं. लोको शेडच्या फिटरच्या विधवेला तीच मोजपट्टी लावणं मला पटत नाही. आमच्या वकिलांनाही पटत नाही. औरंगाबाद खंडपीठात याचिका दाखल करायची त्यांची तयारी चालली आहे.

लोक विचारतात, पैसे तर आलेच होते ना, मग परत देण्यात काय वाईट? आले होते, खरं आहे. ते स्लॅबमध्ये गेले, गुडघ्याच्या औषधांत गेले, माझ्या भाच्याच्या आयटीआयच्या फीमध्ये गेले. आपल्याला जे मिळतंय ते आपलंच आहे असं मानून तिनं घर चालवलं, आणि तसं मानायला तिला बँकेनंच दर महिन्याला सांगितलं. बँकेची चूक ज्या विभागात झाली, तिथल्या कुणाच्या पगारातून एक रुपया कापल्याचं आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. आईच्या पेन्शनमधून दरमहा दोन हजार जातात. या गतीनं चार लाख चाळीस हजार फिटायला अठरा वर्षांहून जास्त काळ लागेल. ती आता सत्तरीला आली आहे.

तुमच्या घरी आईला, मावशीला, आजीला फॅमिली पेन्शन येत असेल, तर तिचा पीपीओ काढा आणि वाढीव दर कुठल्या तारखेपर्यंत आहे ते वाचा. ती तारीख उलटून गेली असेल आणि पेन्शन तेवढीच येत असेल, तर बँकेला आजच लेखी कळवा आणि पोच घ्या. वसुली आधीच सुरू झाली असेल, तर महिनावार तक्ता मागा. तो हातात येईपर्यंत तिला कुठल्याही कागदावर सही करू देऊ नका.