#थ्रेड : ऑपेरा हाऊस, पडदा पडल्यावरही उरलेले नाव

मुंबईत चर्नी रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरून कुणाला मामा परमानंद मार्ग विचारला, तर समोरचा माणूस बहुधा विचारात पडतो. ‘ऑपेरा हाऊस’ म्हणताच मात्र त्याचा हात आपोआप दिशा दाखवतो. वास्तविक मामा परमानंद हे प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ आणि जोतीराव फुल्यांचे स्नेही. रस्त्यावर त्यांचा हक्क मोठा. पण पाटीवरचे नाव आणि तोंडातले नाव यांच्या झगड्यात मुंबईत नेहमी तोंडच जिंकते. नवलाची गोष्ट अशी की ज्या वास्तूवरून हे नाव पडले, ती १९९३ ते २०१६ अशी तेवीस वर्षे कुलूपबंद होती. त्या काळात वाढलेल्या एका संपूर्ण पिढीने ‘ऑपेरा हाऊस’ हा केवळ बसथांबा म्हणून ओळखला.

ही वास्तू तेथेच का उभी राहिली, हे समजण्यासाठी आणखी मागे जावे लागते. १८४६ मध्ये जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर ग्रँट रोड नाट्यगृह उभे राहिले. १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांच्या सांगलीकर मंडळींनी तेथे खेळ केले आणि मराठी नाटक मुंबईच्या तिकीटबारीशी जोडले गेले. पाठोपाठ पारशी कंपन्या आल्या. ग्रँट रोड ते गिरगाव हा पट्टा शहराची रात्रीची राजधानी झाला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर आले, तो टिळक स्वराज्य फंडासाठीचा ‘संयुक्त मानापमान’ ८ जुलै १९२१ रोजी झाला तोही याच पट्ट्यात, बालीवाला ग्रँड थिएटरात.

अशा भरल्या वस्तीत मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका या दोघांनी ऑपेरा हाऊसचा घाट घातला. बँडमन हा कलकत्त्याला ठाण मांडून पूर्वेकडील शहरांत विलायती नाटकमंडळ्या फिरवणारा व्यावसायिक, तर कराका हे कोळशाच्या व्यापारातले पारशी गृहस्थ. १९०९ मध्ये बांधकाम सुरू झाले. १९११ मध्ये बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झाले खरे, पण इमारत तेव्हा अपुरीच होती. बादशहा येणार म्हणून अर्धवट कामाची फीत कापून घेण्याची प्रथा आजची नव्हे! खेळ सुरू झाले ते १९१२ च्या ऑक्टोबरात. उरलेले काम त्यानंतरही काही वर्षे चाललेच.

आतला थाट बरोक शैलीचा होता. आठ भागांत विभागलेला, कवी-नाटककारांना वाहिलेला घुमट, सोनेरी नक्षी, ससून घराण्याने दिलेली झुंबरे. या साऱ्याहून महत्त्वाची होती बसण्याची रचना. दूरच्या गॅलरीतून तिकीट काढणाऱ्यालाही रंगमंच आडकाठीविना दिसावा, अशी काळजी आराखड्यात घेतली होती. ज्या काळात नाट्यगृहांतले खांब प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे खुशाल उभे असत, त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

मात्र काळाचे पाऊल या वास्तूच्या पुढे पडले. पडदा उघडून जेमतेम काही महिने होतात तोच, ३ मे १९१३ रोजी, गिरगावातल्याच कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलू लागला. दोन्ही ठिकाणे ऑपेरा हाऊसपासून पायी जाण्याच्या अंतरावर. ऑपेऱ्यासाठी बांधलेल्या या महालाने मग जे चालेल ते केले. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांचे स्वर येथे घुमले. १९३५ च्या सुमारास आयडियल पिक्चर्सच्या ताब्यात गेल्यावर तो प्रामुख्याने चित्रपटगृह झाला. पडद्याला जागा हवी म्हणून कडेचे बॉक्स काढले गेले. म्हणजे ऑपेरा हाऊसची पहिली मोडतोड उपेक्षेने झालेली नाही. ती धंदा चालावा म्हणून झाली. वारसावास्तूंच्या कहाण्यांत हा तपशील सहसा वगळला जातो.

त्यातही रंगमंच पुरता मुका झाला नाही. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या पृथ्वी थिएटर्सचे खेळ येथे होत. खेळ संपला की पृथ्वीराज कपूर स्वतः झोळी पसरून दाराशी उभे राहत आणि प्रेक्षक जाता जाता त्यात पैसे टाकत. एवढ्या नामवंत नटालाही नाटक तिकीटविक्रीवर चालवता येत नव्हते, ही गोष्ट पुढच्या कथेसाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९५२ मध्ये गोंडलच्या राजघराण्याने वास्तू विकत घेतली. पुढची चाळीस वर्षे एकपडदा चित्रपटगृहांची सार्वत्रिक कहाणी : आधी बरकत, मग दूरचित्रवाणी, मग व्हिडिओ, त्यावर करमणूक कराचा बोजा. १९९३ मध्ये दारे बंद झाली. मुंबईचे वारसा नियम आले १९९५ मध्ये, दोन वर्षे उशिरा. हे नियम पाडकाम रोखू शकतात, छपरातली गळती रोखू शकत नाहीत. ती मालकाच्या खिशातूनच रोखावी लागते. कॉरोनेशन नामशेष झाले. मॅजेस्टिकच्या जागी बाजारसंकुल आले. मराठी वाचकाच्या जिभेवर ते नाव उरले ते तेच नाव धारण करणाऱ्या गिरगावातल्या पुस्तकांच्या दुकानामुळे. ऑपेरा हाऊस उभे राहिले, कारण राजघराण्याने उत्पन्न शून्य असताना ते विकले नाही. सरकार, महापालिका, रसिक यांपैकी कुणालाही याचे श्रेय घेता येणार नाही.

नाट्यगृह बंद असतानाही सभोवतालचा भाग गजबजलेला होता, पण तो हिऱ्यांमुळे. पंचरत्न आणि आसपासच्या इमारतींत देशातल्या हिरे व्यापाराची मोठी उलाढाल होई. रस्त्यावर उभ्या उभ्या कागदाच्या पुड्या उघडून सौदे होत. २०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झाले आणि व्यापारी तिकडे सरकू लागले. १३ जुलै २०११ रोजी ऑपेरा हाऊस, झवेरी बाजार आणि दादर येथे बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर जायचे की थांबायचे हा अनेकांचा विचार संपला. रंगमंच आधीच गेला होता. आता बाजारही उठू लागला.

अशा वेळी आतमध्ये दुरुस्ती चालू होती. गोंडलच्या महाराजांनी वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्याकडे काम सोपवले होते. २०१२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने आपल्या धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत ही वास्तू घेतली. संवर्धनातला अवघड प्रश्न चुन्याचा वा सोनेरी वर्खाचा नसतो. कोणता काळ परत आणायचा, हा असतो. १९१२ चे ऑपेरा हाऊस की पृथ्वीराजांचे? चित्रपटगृहाची वर्षे संख्येने अधिक होती. निवड झाली ती १९१२ ची. जुन्या छायाचित्रांच्या आधारे कडेचे बॉक्स पुन्हा घडवले गेले. दृष्टीला ही निवड निःसंशय सुखावते. मात्र पिटात बसून शिट्ट्या मारणाऱ्या प्रेक्षकाची खूण त्या सोन्यात कोठे दिसत नाही, हेही खरे.

२० ऑक्टोबर २०१६ रोजी मुंबईच्या चित्रपट महोत्सवाने दारे उघडली. पाठोपाठ मुंबईत जन्मलेल्या गोमंतकीय वंशाच्या सोप्रानो गायिका पॅट्रिशिया रोझारिओ तेथे गायल्या. ५७५ आसनांच्या या वास्तूला २०१७ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही लाभला.

परंतु एक नाट्यगृह उजळले म्हणून वस्ती उजळते काय? या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उत्तर अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात सापडते. तेथे १९२१-२२ मध्ये एकाच रस्त्याच्या परिसरात पाच भव्य नाट्यगृहे उभी राहिली. १९६८-६९ मध्ये त्यांतली चार बंद पडली आणि १९७२ मध्ये दोन पाडून वाहनतळ करण्याचे ठरले. रे शेपर्डसन नावाच्या, शाळाखात्यात नोकरी करणाऱ्या माणसाने ती वाचवण्याचा ध्यास घेतला. १९७३ मध्ये नाट्यगृह नादुरुस्त म्हणून त्याच्या लांबलचक दालनातच एक संगीतिका लावली. काही आठवडे चालेल असे वाटलेला तो प्रयोग दोन वर्षांहून अधिक चालला.

इतकेच असते तर ती एक हृद्य आख्यायिका ठरली असती. खरी मेख पुढे आहे. नाट्यगृहे सांभाळणाऱ्या प्लेहाऊस स्क्वेअर या संस्थेने भोवतालच्या कार्यालयीन इमारतींत गुंतवणूक केली, हॉटेल उभारले. नाटकामुळे परिसराचे भाव वाढले आणि त्या भाड्याचा वाटा नाटकाकडेच परत आला. पृथ्वीराजांच्या झोळीला सापडलेला हा व्यवहारी पर्याय म्हणता येईल. तरीही १९५० मध्ये सुमारे ९ लाख १५ हजार असलेली क्लीव्हलंडची लोकसंख्या २०२० मध्ये ३ लाख ७३ हजारांच्या आसपास आली होती. रस्ता सावरला; शहराची गळती थांबली नाही.

गिरगावात हा व्यवहार जुळणे कठीण आहे. ऑपेरा हाऊसच्या मालकाकडे केवळ ऑपेरा हाऊस आहे. भोवताली पागडीच्या चाळी आणि उपकरप्राप्त इमारती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तेथली भाडी गोठवली. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला जागा सोडवेना. पुढे पुनर्विकासाचे मनोरे आले. दरम्यान नाटकाला रात्र रात्र बसणारा प्रेक्षक बोरिवली, डोंबिवलीला जाऊन स्थिरावला होता. नाटकही त्याच्यामागोमाग उपनगरांत गेले. केळेवाडीतले मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह १९६४ चे, ऑपेरा हाऊसपासून चालत काही मिनिटांवर. त्याच्यापुढचा पेच वेगळा नाही.

ऑपेरा हाऊसमध्ये आज संगीत, नाटक, चित्रपट आणि खासगी समारंभ यांची सरमिसळ चालते. शुद्ध ऑपेऱ्यावर हे घर १९१२ मध्येही चालले नव्हते.