आमच्या मताविना आमचे झालेले आमदार

१७ जानेवारी २०२२ रोजी कोल्हापूर येथे प्रा. एन. डी. पाटील सर आपल्यातून गेले. अठरा वर्षे महाराष्ट्र विधान परिषदेचे सदस्य, १९७८ ते १९८० सहकारमंत्री, १९८५ ते १९९० कोल्हापूरचे आमदार, अशी त्यांची कारकीर्द. मात्र आम्हा खासबागकरांचे एकही मत त्यांना कधी मिळाले नाही. मिळणार तरी कसे? १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले.

मते नसलेल्या मुलखात पुढारी सहसा फिरकत नाहीत. सर मात्र सीमालढ्यात अखेरपर्यंत आमच्यासोबत राहिले. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. सीमाप्रश्नावरील तज्ज्ञ समितीचे अध्यक्षपदही सरांनी सांभाळले. निकाल पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते.

ढवळीच्या शेतकरी कुटुंबातील हा मुलगा शिकून प्राध्यापक झाला, पुढे रयत शिक्षण संस्थेचा अध्यक्ष झाला. शिक्षणाच्या बाजारीकरणाविरुद्ध ते आयुष्यभर बोलत राहिले. खासबागेत मागावर राबणाऱ्या पालकांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

न्यायालयाचे काम न्यायालय करील. आपल्या गल्लीतील मराठी शाळेचा पट टिकवणे मात्र आपल्याच हाती आहे. येत्या जूनमध्ये आपले मूल पहिलीत घालताना पालकांनी सरांची आठवण ठेवावी. आमच्या मते हीच त्यांना खरी आदरांजली.