फोटोवाल्या काकांचं देणं

तुमसरहून निघालेली एसटी बपेऱ्याला येते तेव्हा महाराष्ट्र जवळजवळ संपलेला असतो. गावापुढे बावनथडी नदी, पूल ओलांडला की मध्य प्रदेश. माझ्या लहानपणी या टोकाला फोटो यायचा तो सिहोऱ्याच्या फोटोवाल्या काकांच्या सायकलवरून. आज मी भंडारा-गोंदियाची गावं कॅमेरा घेऊन पालथी घालतो. तंत्र पुढे बऱ्याच जणांकडून शिकलो. पण परक्याच्या अंगणात कॅमेरा घेऊन कसं शिरायचं, हे मला एकाच माणसाने शिकवलं.

काकांचा स्टुडिओ म्हणजे एक खोली. मागे रंगवलेला पडदा, समोर स्टूल आणि बाजूला डार्करूम. लग्नाकार्याला ते यॅशिका वापरत. मला हाताळायला दिला तो अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री. हा कॅमेरा भारतातच बनायचा. त्यात एकशे वीसचा रोल बसायचा आणि एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघायचे. ऊन आणि ढग अशी चित्रं होती, त्यांतलं एक निवडायचं. बाकी सगळं उजेडावर आणि स्वतःच्या पायांवर. जवळचा फोटो हवा तर माणसाजवळ जायचं, दुसरा उपाय नव्हता. काका म्हणत, "बाबू, पहिले बस. पाणी पी. धानाचं विचार. मंग कॅमेरा काढजो." आणि शेवटी, "फोटो काढला का प्रत पोचवजो."

ती प्रत पोचवणं सोपं नव्हतं. बारा फोटो पुरे झाल्याशिवाय रोल धुवायचा नाही, वीज गेली की काम तिथेच थांबलं. तरी काका रोवणीच्या चिखलातून, बांध्यांच्या धुऱ्यांवरून सायकल ढकलत देवसर्रा, चुल्हाड करत यायचे आणि पाकीट हातात द्यायचे. बाईचा फोटो असेल तर तो बाईच्याच हातात. घरच्या पुरुषाने हात पुढे केला तरी, "ते कुठं आहेत? त्यायलेच देतो," असं म्हणून थांबायचे. पुढे कितीतरी घरांत मला आपुलकीने चहा मिळाला, तो या थांबण्याच्या पुण्याईवर.

डार्करूममधलं त्यांचं काम मला अजून दिसतं. लाल दिवा, तीन ट्रे, आंबूस वास. निगेटिव्ह कागदावर ठेवून काच दाबायची, पांढरा दिवा क्षणभर लावायचा आणि कागद पहिल्या ट्रेत सोडायचा. आधी केस उमटायचे, मग भुवया, मग लुगड्याचा काठ. काकांची खरी चिकाटी मात्र शेवटच्या धुण्यात होती. हायपो, म्हणजे फोटो पक्का करणारं रसायन, कागदात राहिलं तर काही वर्षांत फोटो पिवळा पडतो, म्हणून ते बादलीमागून बादली पाणी बदलत राहायचे. गिऱ्हाईक बाहेर खोळंबलं तरी. हात हायपोने कायम कोरडे, बोटांची टोकं तपकिरी. शहरातली मंडळी मुलगी पाहायला यायची असली की निगेटिव्हवर बारीक टोकाच्या शिसपेन्सिलीने चेहऱ्यावरचे खड्डे भरून द्यायचे. पण शेतकरी म्हातारीच्या सुरकुत्यांना त्यांनी कधी पेन्सिल लावली नाही. या एका निवडीतून मी पोर्ट्रेट शिकलो असं मी मानतो.

कागदाच्या डब्यावर अ‍ॅग्फा-गेव्हर्ट असं छापलेलं असायचं. यातलं गेव्हर्ट कुठलं, हे मला फार उशिरा कळलं. लिव्हेन गेव्हर्ट हा अँटवर्पचा फ्लेमिश माणूस. फोटोचा कागद बनवता बनवता त्याने 1894 मध्ये कंपनी काढली. पुढे शेजारच्या मोर्टसेल गावात तिचा कारखाना वाढला आणि 1964 मध्ये ती जर्मनीच्या अ‍ॅग्फाशी एक झाली. कारभार आपल्याच भाषेत चालावा म्हणून गेव्हर्ट आग्रही होता, हे वाचलं तेव्हा मला काकाच आठवले. पोवाराच्या घरी ते पोवारी बोलत, धिवराच्या घरी त्याची बोली, आणि समोरच्याचा चेहरा सैल झाला की मगच बटण दाबत. गेव्हर्टच्या फ्लॅंडर्समधल्या गावांचे फोटो पाहताना मी आता पाणी, सपाट जमीन आणि विटांची घरं पाहत बसतो. कधी जाणं झालं तर तिथेही आधी बसेन, पाणी मागेन.

दिवाळीनंतर हलका धान निघाला की मंडया सुरू व्हायच्या. दिवसभर बाजार, रात्री दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य. दंडारीत बायकांची कामं पुरुष करायचे. त्यातल्या एकाचा, तोंड धुतलेला, सकाळी बैलांना चारा टाकतानाचा फोटो काकांनी मला काढायला लावला. रात्रीचा रंगलेला चेहरा सगळेच काढतात, असं त्यांचं म्हणणं. पुढे मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळात, 1993 पासून, मतदार ओळखपत्रं आली आणि आमच्या कितीतरी आज्या पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर बसल्या. काकांनी त्या वेळी पदरचे पैसे घालून त्यांना घरी लावायला वेगळा फोटो काढून दिला. त्यातले बरेच फोटो आज हार घालून भिंतीवर आहेत.

काका गेले. काकूंनी निगेटिव्हच्या पेट्या माझ्या हवाली केल्या. प्रत्येक पाकिटावर गाव, कुटुंब, साल. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगा चढली आणि नदीकाठच्या कितीतरी घरांत पाणी शिरलं. ओसरल्यावर लोकांनी आधी धान पाहिला, मग कागदपत्रं, मग फोटो. ओल्या चौकटीत चेहऱ्याऐवजी नुसता डाग उरलेला. त्यानंतर लोक यायला लागले, "काकांकडे आमच्या मायची निगेटिव्ह असंल का?" असं विचारत.

बऱ्याचदा असते. मी ती स्कॅन करतो, प्रिंट काढतो आणि गाडी काढून नेऊन देतो. पैसे घेत नाही, कारण ते माझे नाहीत. चुल्हाडच्या पाकिटांतले निम्मे चेहरे अजून ओळखायचे राहिलेत. ज्यांना ते ओळखता येतील ती माणसं ऐंशीच्या घरात आहेत, म्हणून येत्या मंडईची वाट न पाहता पुढच्याच रविवारी पेटी घेऊन जायचं ठरवलंय.