डोंगलचा पाठभेद

संगणकाच्या व्यवहारात ‘ड्रायव्हर’ कशाला म्हणतात, हे एम.ए.च्या वर्गात सांगण्याची वेळ आली तेव्हा मी ‘दुभाषा’ हा शब्द वापरला. यंत्राचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि बाहेरून जोडलेली वस्तू यांना एकमेकांचे बोलणे कळत नाही. मध्ये बसून इकडचे तिकडे सांगणारा जो मजकूर, तो ड्रायव्हर. मजकूर हा शब्द मुद्दाम योजला आहे. तो कोणीतरी लिहिलेला असतो, त्याच्या प्रती आणि आवृत्त्या असतात, आणि कालांतराने त्यातले काही शब्द व्यवहारातून जातात.

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या अकोल्यातील महाविद्यालयाच्या मराठी विभागाकडे एक रास्पबेरी पाय आला. पत्त्यांच्या कॅटाएवढा, एकाच पाटीवर सगळा संसार मांडलेला संगणक. २०१२ साली इंग्लंडमध्ये तो विक्रीस आला तो मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवता यावे म्हणून. आमच्याकडचा दुसऱ्या पिढीतला, २०१५ चा. त्यात वायफाय नव्हते. ते तिसऱ्या पिढीत, २०१६ साली आले. साहजिकच यूएसबीला लावायचा एक डोंगल हवा होता आणि तो कुणाच्या तरी कपाटात सापडलाही.

काम साधे होते. एका मठाच्या अनुमतीने आम्ही काही महानुभाव पोथ्यांची छायाचित्रे घेतली होती. ती या यंत्रावर ठेवायची आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या मोबाइलवर वाचायची. म्हाइंभटांचे लीळाचरित्र ज्या रिद्धपुरात सिद्ध झाले ते आमच्याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात. आणि आमची मुले मात्र ते गाइडमधल्या दोन पानांवरून ओळखतात. दिवाळीपर्यंत हे चालले नाही तर संच संगणकशास्त्र विभागाकडे जाईल असे ठरले होते. त्यात अन्याय काही नव्हता.

डोंगल लावला. दिवा लागला नाही. यंत्राला ती वस्तू दिसत होती, यादीत तिचा क्रमांक येत होता. पण तिच्याशी बोलणारा कोणी नव्हता. त्या चिपचा ड्रायव्हर गाभ्यासोबत येत नसे. मूळ मजकूर मिळवून तो आपल्याच यंत्रावर, आपल्याच गाभ्याच्या मापाने कंपाइल करावा लागे. दर्यापूरकडचा एक विद्यार्थी माझ्यासोबत बसला होता. त्याने पडद्यावरच्या इंग्रजी ओळी पाहिल्या आणि खुर्ची मागे सरकवली. “मॅडम, हे कॉम्प्युटरवाल्याईचं काम आहे जी. आपल्याले काय समजते याच्यातलं?”

मी त्याला म्हटले, समजायचे नंतर पाहू, अगोदर वाच. मोठ्याने वाच.

पहिली तक्रार अशी, की गाभ्याच्या शीर्ष-फायली, ज्यांना हेडर म्हणतात, त्या अपेक्षित ठिकाणी नाहीत. यंत्र चालवत होते ४.१९.५० हा गाभा. आदल्या दिवशीच्या अपडेटने आणलेला ४.१९.५७ कार्डावर येऊन बसला होता, आणि हेडरही त्याच्याच मापाचे होते. विद्यार्थ्याने हाताने नवा मार्ग दाखवला. काम पुढे सरकले आणि दुसऱ्या तक्रारीवर अडले: ‘इनिट टाइमर’ नावाचे क्रियापद (त्याला फंक्शन म्हणतात) आपल्याला ठाऊक नाही, असे कंपायलर सांगत होता.

इथे मात्र आम्ही आमच्या प्रांतात आलो. ड्रायव्हरच्या शीर्षटिपेत २००७ ते २०११ अशी साले होती. तो लिहिणाऱ्याच्या काळात हा शब्द रूढ होता. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यातून तो गेला; त्याच्या जागी ‘टाइमर सेटअप’ आला. केवळ शब्द बदलून भागण्यासारखे नव्हते, कारण वाक्यरचनाही बदलली होती. पूर्वी ठरलेली वेळ झाली की गाभा संबंधित फंक्शनच्या हाती एक आकडा ठेवी, आणि त्या आकड्यावरून कोणाचे काम आहे हे त्याने ओळखायचे. आता आकड्याऐवजी घड्याळाचाच पत्ता हाती येतो. घड्याळ ज्याच्या घरात टांगले आहे तो घरमालक त्यावरून शोधायचा. जुनी पोथी संपादताना एखादा प्रत्यय का चालत नाही हे कळले, की पुढची पंधरा स्थळे आपोआप सुटतात, तसेच झाले. ड्रायव्हरमधील अशी सगळी स्थळे आम्ही वहीत उतरवली. डावीकडे जुना पाठ, उजवीकडे नवा. विद्यार्थ्याने दोन दिवस खुर्ची मागे घेतली नाही.

कंपाइल झालेले मॉड्यूल गाभ्यात घालू गेलो, तर ‘अवैध स्वरूप’ असा शेरा. गाभ्याची रोजनिशी उघडली. तिथे कारण स्वच्छ लिहिलेले होते: या मॉड्यूलवर ४.१९.५७ चा शिक्का आहे, हवा होता ४.१९.५० चा. प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात, ते कोणत्या गाभ्यासाठी घडले याची अशी एक ओळ कोरलेली असते. आपल्याकडच्या लेखनिकांनी पुष्पिकेत इतकी नेमकी माहिती दिली असती तर पाठचिकित्सकांचे किती श्रम वाचले असते! यंत्र बंद करून सुरू केले, नवा गाभा गादीवर आला, आणि डोंगलचा निळा दिवा लागला.

त्याच मजकुरात एक फाइल अशी होती, की जिच्यात आकड्यांच्या ओळींवर ओळी होत्या आणि दुसरे काहीही नव्हते. तो चिपच्या आत जाऊन चालणारा फर्मवेअर. ड्रायव्हर तो वाचत नाही, नुसता पोचवतो. विद्यार्थ्याने विचारले, “हे काहून समजत नाई?” मी त्याला महानुभावांची सकळ लिपी आठवून दिली. तीही शतकानुशतके पंथाबाहेरच्यांना अशीच बंद होती. तिची किल्ली इतिहासाचार्य राजवाड्यांना सापडली, कारण अक्षरांच्या अदलाबदलीमागे मराठीच होती. इथे मागे कोणती भाषा आहे, हे बनवणाराच जाणे. वाचक म्हणून मला ही गोष्ट आजही खटकते. उघड्या मजकुराचे श्रेय घ्यायचे आणि आतला कप्पा कुलूपबंद ठेवायचा, हा खुलेपणा अर्धाच आहे.

जोडणी दहा-दहा मिनिटांनी तुटत होती, ते प्रकरण वेगळे. रोजनिशीत व्होल्टेज कमी पडत असल्याची नोंद होती. मोबाइलचा चार्जर पुरत नव्हता. चांगला चार्जर आणला.

पुढच्या अपडेटला गाभा पुन्हा बदलला आणि वायफाय पुन्हा गेले. यावर डीकेएमएस नावाची व्यवस्था आहे: मजकूर तिच्या स्वाधीन करायचा, गाभा बदलला की ती त्याची नवी प्रत घडवते. लीळाचरित्राची मूळ प्रत लुटीत गेली आणि पुढे स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली गेली, त्यातून वेगवेगळे पाठ निघाले, असे परंपरा सांगते. त्या स्मरणकर्त्यांना शब्द जाण्याची धास्ती होती. डीकेएमएसला ती नसते. गाभ्याने एखादा शब्द टाकला की ती प्रत घडवणे सोडून देते आणि कुणीतरी वही घेऊन बसावे लागते.

अशी वेळ नंतर दोनदा आली. दोन्ही वेळा मी अमरावतीला होते, आणि दुरुस्ती विभागातल्या मुलांनीच केली. वहीत आता तीन हस्ताक्षरे आहेत. तिसरे एका मुलीचे; तिने इंग्रजी तक्रारींच्या खाली वऱ्हाडीत अर्थ लिहिले आहेत. संच अजून मराठी विभागातच आहे. रिद्धपूरला २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा त्याच्यावरच्या पोथ्या पाहायला एकदम तीस मोबाइल जोडले गेले आणि डोंगल तापला. अकोल्याच्या मे महिन्यात त्याला पंखा लावावा की सुट्टीत बंदच ठेवावा, यावर विभागात अद्याप एकमत झालेले नाही.