चिमटा विकणारा दुकानदार

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही 1933 सालची कथा बहुतेकांना शालेय पाठ्यपुस्तकातूनच भेटलेली असते. लहानग्या हमीदच्या खिशात तीन पैसे असतात. तव्यावरून पोळी उतरवताना आजीचा हात भाजतो, हे आठवून तो जत्रेतून खेळण्याऐवजी चिमटा घेऊन येतो. हमीद आणि आजी अमीना वाचकांच्या स्मरणात राहतात. चिमटा विकणारा मात्र कुणाला आठवत नाही. व्यापारी घरातल्या वाचकाने तरी त्याच्याकडे पुन्हा एकदा पाहावे.

लोखंडी वस्तूंचे त्याचे दुकान. मुलासोबत मोठे माणूस नाही, हे पाहून तो म्हणतो की ही वस्तू तुझ्या कामाची नव्हे. मग सहा पैसे सांगतो. मुलाने रास्त भाव विचारताच पाचावर उतरतो आणि घ्यायचा तर घे, असे सुनावतो. हमीद मन घट्ट करून तीन पैसे म्हणतो व ओरडा ऐकावा लागू नये म्हणून चालू लागतो. दुकानदार ओरडत नाही. परत बोलावून चिमटा देतो. का देतो, हे प्रेमचंद सांगत नाहीत. मुलाची दया आली, उरलेला माल परत वाहून नेण्याचा कंटाळा आला, की तीन पैशांतही दोन दमड्या सुटत होत्या? गादीवर आयुष्य घालवलेल्या माणसाला ही तिन्ही कारणे परिचयाची असतात. अनेकदा ती एकाच वेळी खरीही असतात.

आपल्या कथांतून आणि चित्रपटांतून दुकानदार आला की तो मापात पाप करणारा तरी असतो, नाहीतर देवमाणूस तरी. प्रेमचंदांनी त्याला डोळ्यांत पाणी आणून चिमटा फुकट द्यायला लावले असते, तर त्याग दुकानदाराचा झाला असता आणि हमीदच्या तीन पैशांचे मोलच गेले असते. दुय्यम पात्राला वाजवीपेक्षा अधिक चांगले करणे हाही नायकावर अन्यायच असतो. पुढे चिमट्याचा रुबाब पाहून सम्मी नावाचा मित्र आपली खंजिरी बदल्यात देऊ करतो आणि ती दोन आण्यांची असल्याचे बजावतो. दोन आणे म्हणजे आठ पैसे! तीन पैशांच्या मालाची किंमत बाजारात कुठवर चढली, हे लेखकाने स्वतः न सांगता एका पोराकडून वदवून घेतले आहे.

प्रत्येकासाठी एवढाही खर्च करण्याचे कारण नाही. टागोरांच्या ‘काबुलीवाला’मध्ये रामपुरी चादरीचे पैसे बुडवू पाहणारा एक ऋणको आहे. तो देणे नाकारतो, भांडण पेटते, रहमत सुरा चालवतो आणि तुरुंगात जातो. त्या ऋणकोचे काम एका नकारापुरते. टागोर त्याला त्याहून अधिक एक ओळही देत नाहीत.

नवोदितांच्या कथांत नेमके उलटे घडते. मालकाला वाईट बातमी सांगायला मुनीमजी येतात. त्यांची टोपी, उपरणे, नाकावर घसरलेला चष्मा यांतच आठ ओळी जातात आणि बातमी सांगून ते नाहीसे होतात. त्याऐवजी लेखकाने एवढेच विचारावे, की ही बातमी आली नसती तर मुनीमजी त्या वेळी काय करत असते? रोजमेळ जुळवत असते. सव्वा रुपयाचा फरक सापडत नसता. मग ते उठून येतीलच कशाला? वही मांडीवर तशीच ठेवून, बेरजेच्या ओळीवरचे बोट न उचलता, मान वर करून ते मालकाला सांगतील की सुरतेहून निरोप आला आहे, थोरले भाऊ गेले.