खेळ आवरताना

माधवनगरच्या आमच्या घराला वरच्या मजल्यावर एक खोली आहे. आजोबांच्या काळी ती पाहुण्यांची होती, वडिलांच्या काळी अडगळीची झाली, आणि गेल्या काही वर्षांत माझ्या मुलाने तिचे नाव ‘खेळाची खोली’ असे ठेवले. नाव बदलले तरी अडगळ तीच राहिली. मे महिन्यात पुण्याहून भावाची मुले येणार होती. त्याआधी ही खोली एकदाची लावायची असे मी ठरवले, सांगलीच्या गणपती पेठेतून झाकणाचे बारा पारदर्शक डबे आणले, चिकटवायच्या चिठ्ठ्या आणल्या आणि एका रविवारी सकाळी पदर खोचून बसले. महाविद्यालयात वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या बाईला वर्गीकरणाचे भय वाटू नये, असा माझा समज होता.

पहिल्या तासाभरातच काही गोष्टी कळल्या. कॅरमबोर्ड भिंतीला तिरका टेकवून ठेवला की काही वर्षांत फळी बाक धरते. तो एक तर आडवा ठेवावा, नाही तर कपाटामागे अगदी सरळ उभा. पत्त्यांच्या जोडाला रबर लावून ठेवू नये. उन्हाळ्यात रबर वितळते आणि वरचे व खालचे पान कायमचे बाद होते. कापडी पटाची घडी घालू नये. घडीच्या रेषेवर कापड आधी विरते आणि नंतर फाटते. पट गुंडाळूनच ठेवावा. या साऱ्या गोष्टी कुणी तरी आधी सांगितल्या असत्या, तर आमच्या घरातले निम्मे खेळ वाचले असते.

खेळाच्या साहित्याचा स्वभाव घरातल्या इतर वस्तूंहून वेगळा असतो. सहा वाट्यांपैकी एक हरवली तर पाच वाट्या उरतात. बत्तीस मोहऱ्यांपैकी एक हरवले तर मात्र एकतीस मोहरी उरत नाहीत, डावच उरत नाही. म्हणून खेळ ठेवणारा माणूस मोजणारा असावा लागतो. आमचे आजोबा तसे होते. त्यांच्या बुद्धिबळाच्या लाकडी पेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवलेला आहे, आणि त्यावर शाईने मोहऱ्यांची यादी आहे : राजे २, वजीर २, उंट ४, घोडे ४, हत्ती ४, प्यादी १६. मी मोजली. बत्तीसच्या बत्तीस होती. मला फार समाधान वाटले, आणि त्या समाधानातच मी फसले.

यादीखाली तीन रकाने आहेत. पहिल्या दोहोंवर दोन खेळाडूंची आद्याक्षरे, आणि त्यांखाली जिंकलेल्या डावांच्या उभ्या रेघा. तिसऱ्या रकान्यावर एकच शब्द : ‘बुर्जी’. लहानपणी हा शब्द मी शेकडो वेळा वाचला असेल. बुरूज म्हणजे हत्तीचे घर, त्यावरून काही तरी असेल, असे मी स्वतःच ठरवून टाकले होते. त्या रविवारी पहिल्यांदाच प्रश्न पडला, की हत्तीचे घर हा डावाचा निकाल कसा असेल?

शोध घेतला तेव्हा कळले, की बुर्जी हा देशी बुद्धिबळातला शब्द आहे. प्रतिपक्षाची सगळी मोहरी मारली गेली आणि राजा एकटाच उरला, तर तो डाव बुर्जी. मात करणाऱ्याला त्यात पुरा विजय नाही. समोरच्याला अगदी नागवे न करता, त्याच्याकडे काही उरलेले असतानाच मात करायची, ही त्या खेळाची रीत होती. बाकीचे नियमही निराळे होते, आणि ते प्रांतोप्रांती थोडेफार बदलत. प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले. राजाला शह बसलेला नसेल तर त्याला एकदा घोड्याची चाल घेता येई. प्यादे शेवटच्या ओळीत पोचले की ते ज्या मोहऱ्याचे घर असेल तेच मोहरे होई. वाटेल तो वजीर उभा करण्याची सोय नव्हती. पंजाबातला मीर सुलतान खान हा खेळाडू याच देशी पद्धतीत वाढला, मोठेपणी पाश्चात्त्य नियम शिकला आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून आला. त्याला दोन्ही खेळ येत होते. आमच्या घरी तशी वेळ आली नाही. आजोबांचा खेळ आजोबांबरोबर गेला, आणि त्याच पेटीतली तीच मोहरी घेऊन वडील दुसराच खेळ खेळू लागले. मोहरे एकही हरवले नव्हते. हरवला होता तो डाव.

याचा शोक करावा असे मात्र मला सरसकट वाटत नाही. सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात ते भाऊसाहेब पडसलगीकरांच्या आणि त्यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या कामामुळे, आणि ते काम साऱ्या जगाने मानलेल्या नियमांवर उभे आहे. भाग्यश्री साठे, स्वाती घाटे यांच्यासारख्या सांगलीच्या मुली पटावर बसल्या आणि पुढे देशाबाहेर खेळल्या, त्या आजोबांच्या बुर्जीच्या जोरावर नव्हे. गावोगाव वेगळे नियम राहिले असते तर माधवनगरच्या खेळाडूला फार तर बुधगावच्या खेळाडूशी भांडता आले असते. एक खेळ गेला त्यामुळे दुसरा आला, आणि तो मोठा होता. तरीही जे गेले त्याचे नावसुद्धा मला कळू नये, याची लाज वाटली. पेटी आमच्याच माळ्यावर होती.

मग दुसऱ्या एका डब्याकडे पाहण्याचे धैर्य आले. काही वर्षांपूर्वी सहलीला सावंतवाडीला गेले असताना मी गंजिफाचा संच आणला होता. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा, म्हणजे एकूण एकशे वीस गोल पाने. ती ठेवण्याची पेटीसुद्धा पानांइतकीच रंगवलेली असते. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी आपल्या राजवाड्यात या कलेला नव्याने आश्रय दिला म्हणून ती आज हाती लागते. माझ्या संचातली एकशे वीस पाने आहेत, एकाचाही रंग उडालेला नाही. उडेल कसा? ती कधी वाटलीच गेली नाहीत. डाव कसा खेळतात हे मला ठाऊक नाही, आणि विकत घेताना ते विचारावे हेही मला सुचले नाही. मी पाने आणली आणि गंजिफा आणला असे समजले.

दुपारी आई वर आली. तोवर दहा डबे भरून झाले होते. कोपऱ्यात पावडरीचा एक गंजलेला डबा होता, त्यात चार चिंचोके. मधोमध फोडलेले, फोडलेली बाजू दगडावर घासून पांढरी केलेली. मी विचारले, “आई, हे कशात ठेवू?”

ती म्हणाली, “टाकून दे की. चिंचेखाली पायलीनं पडलेत.”

त्या चिंचोक्यांचे जन्मसाल मला ठाऊक आहे. ऑगस्ट २०१९. कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी पंचेचाळीस. गावभागातले मामांचे घर पाण्यात गेले आणि मामांचे सगळे कुटुंब आमच्याकडे आले. आमच्या गल्लीत पाणी नव्हते. मामा दिवसभर फोन कानाला लावून फुटांचे आकडे विचारत आणि उरलेला वेळ गप्प बसत. तिसऱ्या दिवशी आईने फरशीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखला. चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि मध्यभागी फुल्ल्या मारल्या, मागच्या चिंचेखालून चिंचोके आणून फोडले, आणि सोंगट्या म्हणून खडे, शेंगदाणे, बांगडीचे तुकडे आणि शर्टाची बटणे मांडली. चल्लस-आठ. चारही चिंचोके पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि दोन्ही वेळी पुन्हा टाकायचे. फुल्लीच्या घरात बसलेली सोंगटी मरत नाही. मामा आधी नुसते बघत होते. मग एका डावात त्यांचा शेंगदाणा मारला गेला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला, “अगं, ते घर फुल्लीचं आहे!” त्या रात्री ते जेवले.

पाणी ओसरल्यावर मामांच्या घरातून सोंगट्यांची पेटी निघाली. आईच्या माहेरचा सारीपाट. चिखलाने पट कुजला होता. लाकडी सोंगट्या सोळाच्या सोळा मिळाल्या, पण फुगून त्यांचे रंग असे उतरले की हिरवी कोणती आणि काळी कोणती हे कळेना. पिढ्यान् पिढ्या पेटीत जपलेला खेळ असा गेला. ज्याला पेटीच नव्हती तो मात्र आईच्या डोक्यात बसून कोरडा राहिला होता. आपल्या बायकांचे किती तरी खेळ असेच, सागरगोटे, काचापाणी. जे हाताशी असेल त्यातून मांडायचे आणि खेळून झाले की जिथले तिथे टाकून द्यायचे. जपण्याजोगी वस्तूच नसल्यामुळे जपायचे होते ते नियम, आणि ते खेळता खेळता आपोआप जपले जात. खेळणे थांबले, की शोधायला डबासुद्धा उरत नाही.

मामा २०२१ साली गेले. आईला आता सत्त्याहत्तर पुरी होतील. लोकसाहित्यातल्या खेळांवर मी चर्चासत्रांत निबंध वाचले आहेत, आणि चल्लस-आठचे नियम एका कागदावरही लिहिलेले नाहीत. चिंचोके मी टाकून दिले. वही आणली आणि आईला समोर बसवले.

काम वाटले तितके सोपे निघाले नाही. आई म्हणाली, दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. खात्रीसाठी मामींना फोन केला. त्या म्हणाल्या, “छे, वन्सं काहीतरीच सांगतात. आमच्याकडे तसं कधीच नव्हतं.” दोघी अर्धा तास वाद घालत होत्या. मी दोन्ही रीती लिहून घेतल्या, एक आईच्या नावाने, एक मामींच्या. आजोबांनी यादीखाली चारच ओळी अशा लिहून ठेवल्या असत्या तर, असे लिहिताना सारखे वाटत होते.

आता प्रत्येक डब्यात साहित्याच्या यादीबरोबर एक कागद आहे : खेळ मांडायचा कसा, वाद कुठे होतो आणि आमच्या घरात तो कसा मिटवतात. बुद्धिबळाच्या पेटीत बुर्जीचा अर्थ लिहून ठेवला आहे. गंजिफाच्या डब्यातला कागद अजून कोरा आहे. खेळणारे माणूस गाठून तो भरायचा आहे.

मुले आली, महिनाभर राहिली आणि गेली. जूनमध्ये डबे मोजले तेव्हा कॅरमची एक काळी सोंगटी कमी भरली आणि पत्त्यांतली बदामाची राणी सापडली नाही. तिच्या जागी जोकरवर पेनाने बदाम काढलेला होता. यादीत तशी नोंद केली आहे.